यान आणि यत्नाचार : जुन्या अमेरिकन मोटारीचे गृहशास्त्र

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताचा विचार करताना पूर्वाचार्यांनी बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजले. क्षेत्र, वास्तू, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद, यान, शयनासन, कुप्य आणि भांड. या यादीतील ‘यान’ हा सातवा शब्द आज जितका बोलका झाला आहे, तितका पूर्वी क्वचितच असेल. आचार्यांच्या दृष्टीसमोर रथ, शिबिका आणि बैलांचे गाडे होते. आजच्या गृहस्थासमोर चार चाके, सहा-सात लिटरचे इंजिन आणि दहा गावांना ऐकू जाईल असा आवाज आहे. श्वेतांबर परंपरेतील दैनंदिन चौदा नियमांतही ‘वाहन’ स्वतंत्रपणे येते. आज किती वाहनांचा उपयोग करीन, ही मर्यादा सकाळीच ठरवायची असते. म्हणजे मोटारीचा विषय धर्मचर्चेच्या बाहेरचा आहे असे मानण्याचे कारण नाही. तो व्रताच्या यादीतच बसलेला आहे.

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड हे गाव नागपूर-रायपूर महामार्गावर, साकोलीच्या पुढे आणि कोहमाऱ्याच्या अलीकडे वसलेले आहे. गावाला रेल्वेचे स्थानक आहे, भोवती धानाच्या बांध्या आहेत आणि उत्तर-दक्षिणेस नागझिरा व नवेगाव ही वने आहेत. रात्रंदिवस मालमोटारी वाहणाऱ्या अशा रस्त्याकाठच्या गावात वाढलेल्या मुलाला यंत्राचे वेड लागणे स्वाभाविक आहे. त्यातच हातातील पडद्यावर मस्टंग, चार्जर, कॅमारो यांची चित्रे अहोरात्र दिसतात. व्यवसायात जम बसलेल्या घरातील तरुण एके दिवशी वडिलांसमोर ही इच्छा मांडतो, तेव्हा घरात दोनच आवाज उमटतात. एक ‘घेऊन टाका’ म्हणतो, दुसरा ‘हा पैशाचा माज आहे’ म्हणतो. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. वस्तू समजून घेतल्याशिवाय तिचे परिमाण ठरवता येत नाही.

‘मसल कार’ म्हणजे काय?

अमेरिकेत १९६० च्या दशकात मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत मोठ्या मोटारीचे बलाढ्य इंजिन बसवण्याची प्रथा रूढ झाली. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. या प्रकाराचा आरंभ बहुधा १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून सांगितला जातो. तिचे इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे होते आणि कंपनी ते ३२५ अश्वशक्तीचे म्हणून विकत असे. त्या काळी जनरल मोटर्सने आपल्या मध्यम गाड्यांतील इंजिनाच्या आकारावर मर्यादा घातली होती. पॉन्टियॅकच्या अभियंत्यांनी जीटीओ ही स्वतंत्र गाडी म्हणून न आणता ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या गाडीवरील जादा सोय म्हणून आणली आणि ती मर्यादा शिताफीने ओलांडली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टंग बाजारात आली आणि पहिल्या वर्षात तिची विक्री चार लाखांच्या पुढे गेली. जाणकार तिला ‘पोनी कार’ या वेगळ्या वर्गात घालतात, कारण ती मुळात लहान आणि स्वस्त होती, इतकेच नव्हे तर तिच्यात सहा सिलिंडरचे साधे इंजिनही मिळत असे. डॉज चार्जर १९६६ मध्ये आली, प्लिमथ रोडरनर १९६८ मध्ये. क्रायस्लरचे ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन तर आजही या जगात आदराने उच्चारले जाते.

हे वैभव फार टिकले नाही. विम्याचे हप्ते वाढले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आली आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलेसुरले बळ काढून घेतले. जेमतेम दहा वर्षांचा हा खेळ. पेट्रोल कधीच संपणार नाही, या समजुतीवर उभे राहिलेले यंत्र ती समजूत ढासळताच निस्तेज झाले. ही गाडी घेऊ पाहणाऱ्याने सौंदर्याबरोबर हा इतिहासही विकत घ्यायचा असतो.

कुर्ल्याचा वारसा

अमेरिकन मोटार म्हटली की ती परदेशातूनच आणावी लागते, असा समज आहे. वास्तविक महाराष्ट्राच्या भूमीवर अमेरिकन गाड्यांची जुळणी फार पूर्वीपासून होत होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे शेवरलेट गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डच्या गाड्याही मुंबईत जुळवल्या जात. या परदेशी कंपन्या सुटे भाग आणून गाडी उभी करीत. भारतात भाग घडवण्याचे धोरण शासनाने १९५३ च्या सुमारास आग्रहाने राबवले, तेव्हा त्या येथून बाहेर पडल्या.

मात्र या क्षेत्रात एक स्वदेशी प्रयत्न आधीच झाला होता आणि त्यामागे सोलापूरच्या जैन घराण्यातील पुरुष उभा होता. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची जहाजे, बेंगळुरूचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी या त्यांच्या उद्योगांची ओळख समाजाला आहे. मोटारीचा कारखाना हे त्यांचे आणखी एक स्वप्न होते. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर त्यांनी १९४० मध्ये क्रायस्लरशी करार केला. महायुद्धाच्या काळात परकीय सरकारने या कामी साथ दिली नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, डिसोटो, प्लिमथ आणि फार्गो ही अमेरिकन नावे भारतीय कामगारांच्या हातून रस्त्यावर आली. वालचंदजींचे निधन १९५३ मध्ये झाले. पुढच्याच वर्षी याच कारखान्यात लहान फियाट गाडीचे पर्व सुरू झाले आणि कालांतराने ‘पद्मिनी’ घरोघरी पोहोचली.

निवडीच्या दृष्टीने या इतिहासाला मोल आहे. कुर्ल्याच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या उजव्या हाताच्या सुकाणूच्या होत्या. त्यांतील सहा सिलिंडरचे बाजूझडपी इंजिन संथ, साधे आणि गावच्या मिस्त्रीलाही समजेल असे होते. त्या मसल कार नव्हेत, पण त्यांच्या थोरल्या भावंडांपैकी आहेत. ज्याला अमेरिकन गाडीचा रुंद बोनेट, जाड पत्रा आणि जुन्या काळाचा डौल हवा आहे, त्याने आधी या देशी वारशाकडे पाहावे. समाजातील एखाद्या जुन्या पेढीच्या वाड्यात, गोदामाच्या कोपऱ्यात अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असू शकते. तिला पुन्हा चालते करणे हा नवा परिग्रह जोडण्यापेक्षा आहे त्याचे जतन करण्याचा मार्ग आहे.

निवड : आधी पत्रा, मग इंजिन

जुनी गाडी पाहायला जाणारा तरुण प्रथम बोनेट उघडतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. अनुभवी मिस्त्री प्रथम जमिनीवर आडवा होऊन गाडीच्या पोटाखाली पाहतो. इंजिन दुरुस्त होते, त्याचे भाग मिळतात. गंजलेला सांगाडा मात्र घर बुडवतो. मस्टंगसारख्या अनेक गाड्यांना वेगळी चॅसी नाही, अंगाचा पत्राच भार पेलतो. अशा गाडीत गंज म्हणजे हाडालाच लागलेली वाळवी. पहिल्या पिढीच्या मस्टंगमध्ये पुढच्या काचेखालील हवेच्या झरोक्यात पाणी साचून ते आत गळते, म्हणून पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. चाकांच्या कमानी, दारांचे तळ आणि डिकीची फरशी यांवर लहान लोहचुंबक फिरवावे. जेथे चुंबक चिकटत नाही, तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा ओळखीची. या गाड्यांच्या साध्या आवृत्तीला बलाढ्य आवृत्तीची चिन्हे लावून दामदुप्पट किमतीला विकण्याचा धंदा जगभर चालतो. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा सांगाडा-क्रमांक ती जीटीओ असल्याचे सांगतच नाही, कारण कागदोपत्री ती जादा सोय होती. १९६६ पासून मात्र क्रमांकाच्या आरंभीचे २४२ हे अंक तिची ओळख देतात. म्हणून इंजिनावरील क्रमांक, पत्र्यावरील पट्टी आणि जुने कागद एकमेकांशी ताडून पाहावेत.

तिसरी परीक्षा कायद्याची. या बहुतेक गाड्या डाव्या हाताच्या सुकाणूच्या आहेत. मोटार वाहन कायद्याने अशी गाडी इशारा देणाऱ्या विहित साधनाशिवाय चालवण्यास मनाई केली आहे. परदेशातून जुनी गाडी आणण्यावर आयातीचे निर्बंध आणि जड सीमाशुल्क आहे. देशात असलेली गाडी घ्यायची, तर तिचे नोंदणीपत्र जिवंत आहे का हे पाहावे. खाजगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय झाली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणास ५,००० रुपये. तिच्यावर एक अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. ‘एमएच ३५’ पट्टीच्या गाडीने रोज दुकान गाठण्याचे स्वप्न आणि जुन्या वाहनाची सवलत ही दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

चौथी परीक्षा खर्चाची, आणि ती वहीत मांडूनच द्यावी. मोठ्या आठ सिलिंडरच्या गाडीने लिटरमागे पाच किलोमीटर दिले तरी समाधान मानावे लागते. पेट्रोल शंभर रुपये धरले तर किलोमीटरला वीस रुपये नुसते इंधन. सौंदडहून नागपूरची एक जा-ये सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होते. त्यात सुमारे पंचेचाळीस लिटर पेट्रोल जळते. खरेदीच्या किमतीएवढीच रक्कम पुढील काही वर्षांत दुरुस्तीवर जाईल असे गृहीत धरूनच निर्णय करावा. हा खर्च घराच्या दानाच्या, शिक्षणाच्या किंवा आजारपणाच्या तरतुदीतून जात असेल, तर प्रश्न तेथेच मिटला.

नवी गाडी हा आणखी एक पर्याय आहे. फोर्डने २०१६ मध्ये उजव्या हाताच्या सुकाणूची मस्टंग भारतात अधिकृतपणे विकायला आणली, पाच लिटरच्या इंजिनासह. पुढे फोर्डने भारतातील उत्पादन थांबवले. त्यामुळे अशी वापरलेली गाडी घेताना सुटे भाग आणि संगणकीय तपासणी कोठे होईल, हे आधी निश्चित करावे.

फेरबदल : काय बदलावे, काय नाही

जुनी गाडी हाती आली की ती ‘सजवण्याचा’ मोह सुरू होतो. येथे तीन कसोट्या लावाव्यात. बदल कायद्यात बसतो का, त्याने सुरक्षितता वाढते का, आणि तो पुन्हा पूर्ववत करता येतो का.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर सांगाडा, बाह्य अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. पूर्वी कित्येक डॉज-प्लिमथ गाड्यांत पेट्रोलच्या खर्चापायी डिझेल इंजिने बसवली गेली. त्या काळाची ती गरज होती. आज तीच गोष्ट गाडीचे मोल उतरवते.

सुरक्षिततेचे बदल मात्र करण्याजोगे आहेत. १९६७ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचे तेल एकाच नळीमार्गाने सर्व चाकांना जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. दुहेरी मार्गाचा सिलिंडर बसवणे हा पहिला खर्च असावा, रंग नव्हे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, रेडियल टायर, तीन टोकांचे पट्टे आणि उन्हाळ्यासाठी जास्त क्षमतेचा रेडिएटर हे पुढचे. विदर्भाचा मे महिना अमेरिकेच्या अभियंत्यांनी कल्पनेतही धरला नसेल. जुन्या ‘पॉइंट’च्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवल्यास गाडी चटकन सुरू होते, आणि बाहेरून काही दिसत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. पुढे तो भाग कोणाच्या तरी उपयोगी पडतोच.

बैठकीचा प्रश्न जैन घरात वेगळ्या जिव्हाळ्याचा आहे. महागडी गाडी म्हणजे चामड्याची बैठक, असे आज समीकरण झाले आहे. दंतवाणिज्यात हाड-चामड्याचा व्यापार गणून तो श्रावकाला वर्ज्य सांगितला गेला. अशा श्रावकाने त्याच चामड्यावर बसून मंदिरात जावे, ही विसंगती आहे. सुदैवाने येथे धर्म आणि मूळ स्वरूप यांत भांडण नाही. साठच्या दशकातील बहुतेक मसल कारमध्ये कारखान्यातूनच व्हिनाइलची बैठक येत असे. पॉन्टियॅकने तर आपल्या व्हिनाइलला ‘मोरोकाइड’ असे खास नावच दिले होते. म्हणजे चामडे नाकारणारा श्रावक गाडीच्या मूळ रूपाशीही प्रामाणिक राहतो. सुकाणूचे आवरण आणि गिअरच्या दांड्याची पिशवी याही गोष्टी आठवणीने तपासाव्यात.

आवाजाचा फेरबदल मात्र साफ नाकारावा. सायलेन्सर कापून गर्जना वाढवणे हा कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय त्यात कोणाचेच प्रयोजन साधत नाही. विनाकारण होणाऱ्या हिंसेला आचार्यांनी अनर्थदंड म्हटले आणि प्रमादचर्या हा त्याचा एक प्रकार मानला. दवाखान्यातील रुग्ण, अभ्यासाला बसलेले मूल, सामायिकात बसलेली आजी आणि रानाच्या कडेचे हरीण या सर्वांना दचकवून मिळणारा आनंद त्याच सदरात मोडतो.

निगा : चातुर्मासाचे चार महिने

गोंदियाच्या पट्ट्यात पावसाळा जोरदार असतो आणि हवा महिनोन्महिने ओली राहते. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण त्या दिवसांत भूमी सूक्ष्म जीवांनी भरलेली असते. जुन्या गाडीनेही हे चार महिने स्थिरवास करावा, हे यंत्राच्या आणि जीवदयेच्या दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे. मात्र स्थिरवासाची पूर्वतयारी हवी.

गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, सिमेंटच्या कोरड्या फरशीवर उभी करावी. धानाच्या गोदामात ती कधीही ठेवू नये, कारण तूस आणि ओल मिळून पत्रा खातात. अंगावर प्लास्टिकची ताडपत्री न घालता हवा खेळणारे सुती आच्छादन घालावे. बॅटरीची तार सोडावी. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी, म्हणजे ते एका जागी बसत नाहीत. इंजिनातील जुने तेल उभे करण्यापूर्वीच बदलावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल धातूला चावते.

इंधनाची काळजी आता अधिक घ्यावी लागते. आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते, जुन्या रबरी नळ्या मऊ करते आणि टाकीत गंज आणते. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात आणि दीर्घ मुक्कामापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करावा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठकी शिशाच्या आधारावर टिकत, त्यामुळे इंजिन उघडण्याची वेळ येईल तेव्हा कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात. जीटीओसारख्या उच्च दाबाच्या इंजिनाला साधे पेट्रोल सोसत नाही, ते ठोकू लागते. त्याला जास्त ऑक्टेनचे इंधन द्यावे किंवा प्रज्वलनाची वेळ थोडी मागे घ्यावी. ब्रेकचे तेलही ओल शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलावे.

उंदीर तारा कुरतडतात, ही प्रत्येक गोदामाची तक्रार आहे. विषाच्या गोळ्या हा श्रावकाचा मार्ग नाही. हवेच्या वाटा आणि सायलेन्सरचे तोंड बारीक जाळीने बंद करावे, बैठकीवर खाण्याचा कण ठेवू नये आणि जवळपास धान्याची पोती रचू नयेत. तरीही उंदीर आलाच, तर जिवंत पकडणाऱ्या पिंजऱ्याने त्याला दूर सोडावे. गाडी पुन्हा सुरू करण्यापूर्वी बोनेटवर हलके थोपटावे, कारण आडोशाला मांजर निजलेले असते. नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे का, हेही पाहावे. रिकामे घर असेल तरच काढावे.

पुसण्याच्या साहित्यातही विवेक लागतो. गाडी कोरडी करण्यासाठी विकले जाणारे ‘शॅमॉय’ हे मुळात कातडे असते. त्याऐवजी सूक्ष्म धाग्याचे कापड चांगले काम देते. डुकराच्या केसांच्या ब्रशाऐवजी कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा. चकाकीसाठी मधमाश्यांच्या मेणाऐवजी कार्नौबा या वनस्पतीचे मेण असलेली डबी निवडावी. गाडी धुण्यास पाइप न लावता दोन बादल्या पुरवाव्यात. एकीत साबण, दुसरीत स्वच्छ, गाळलेले पाणी. काढलेले काळे तेल नाल्यात किंवा बोडीच्या काठी कधीही ओतू नये, कारण त्याचा तवंग पाण्यातील असंख्य जीवांचा श्वास कोंडतो. ते डब्यात साठवून जुने तेल रीतसर घेणाऱ्याकडे द्यावे.

रस्त्यावरची ईर्या

सर्व निगा राखूनही खरी परीक्षा रस्त्यावर होते. सौंदडजवळचा महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांच्या दरम्यानचा वनपट्टा छेदून जातो. ही दोन्ही वने २०१३ मध्ये एकाच व्याघ्र प्रकल्पात घेतली गेली. वाघ, बिबट, चितळ, रानडुक्कर आणि अस्वल यांना एका वनातून दुसऱ्या वनात जाण्यासाठी हा रस्ता ओलांडावाच लागतो.

ईर्यासमितीत साधू चार हात पुढील भूमी पाहून पाऊल टाकतो. चालत्या माणसाला चार हात पुरतात. मोटारीला किती लागतात, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. समोर प्राणी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर गाडी २२ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असतानाही थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास अंतर लागते. एकूण जवळजवळ ६० मीटर. जुन्या गाडीचे खालचे दिवे रात्री इतके दूर क्वचितच दाखवतात. हाच वेग ५० वर आणला की एकूण अंतर ३० मीटरच्या आत येते. म्हणजे ८० च्या वेगात दिसलेले चितळ वाचवता येत नाही, ५० च्या वेगात येते. तीनशे अश्वशक्तीची गाडी हाती असताना पाय आवरण्यात मालकाचा कस लागतो.

म्हणून घराने गाडी घ्यायचे ठरवले, तर चाव्यांबरोबर काही नियमही ठरवावेत. सूर्यास्तानंतर ती वनपट्ट्यातून न्यायची नाही. वर्षाला किती किलोमीटर चालवायची, याची मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. दिग्व्रत घेतलेल्याने तिच्या टप्प्याचाही त्यात विचार करायचा. शर्यत लावायची नाही, कोणी डिवचले तरीही नाही. घरात या गाडीपायी दुसरी एक गाडी कमी करायची, म्हणजे यानाचे परिमाण वाढणार नाही. आणि तिच्यावर जेवढा खर्च होईल, तेवढीच रक्कम जीवदयेसाठी किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या तंत्रशिक्षणासाठी बाजूला काढायची. या अटी मान्य करताना तरुणाची इच्छा मावळली, तर ती इच्छा गाडीची नव्हतीच, मिरवण्याची होती. टिकली, तर तो गाडी सांभाळण्यास योग्य झाला.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूच्या ठायी न सांगता मूर्च्छेच्या ठायी सांगितले आहे. गाडीला ओरखडा पडला म्हणून पोरावर हात उगारणारा गृहस्थ साध्या दुचाकीचाही बद्ध परिग्रही ठरतो. याउलट वाडवडिलांची डॉज निगुतीने राखणारा, ती शाळेच्या मुलांना दाखवून यंत्र समजावणारा आणि वेळ आल्यावर योग्य हाती देऊन मोकळा होणारा मनुष्य त्याच लोखंडातून शिकत जातो. सामायिकाला बसल्यावर गोदामातील गाडी डोळ्यांसमोर येत नसेल, तर परिमाण नीट ठरले. येत असेल, तर वहीतील आकडा आणखी खाली आणावा.